तबला बंद झाला तेव्हा

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. कोर्टातून येऊन मी ऑफिस बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. एका हातात गळणारी छत्री, दुसऱ्या हातात रुमालात घट्ट बांधलेलं काहीतरी. "मॅडम, केस वगैरे काही नाही अजून," त्या म्हणाल्या, "पण विचारायचं होतं." रुमालात मोबाइल होता. त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाचा दुसरा मोबाइल. तो आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सापडला तबल्याच्या खोळीत. तीन महिने मुलाने तबल्याला हात लावला नव्हता. या दमट हवेत पुडीला बुरशी धरेल, जरा वारा लागू दे, म्हणून आईने खोळ उघडली होती.

त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून, हे सांगते आहे. तबला तेवढा तसाच ठेवला आहे. मुलगा कोणत्या धर्माचा आणि त्याचे तबल्याचे सर कोणत्या धर्माचे, हे मात्र मी सांगणार नाही. दोघांचे धर्म वेगळे होते, एवढंच पुरे. त्याहून जास्त सांगितलं तर हे वाचणाऱ्या निम्म्या आईबाबांना वाटेल की हा आपल्या घरचा विषय नाही, आणि ते पान उलटतील.

मी त्यांना विचारलं, क्लास सोडला तेव्हा तो काय म्हणाला? त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "मला त्या लोकांकडून काही शिकायचं नाही, असं म्हणाला." सातव्या वर्षापासून दहा वर्षं ज्यांना तो सर म्हणत होता, ज्यांच्या घरी सणाला हक्काने जेवत होता, ते एका वाक्यात 'ते लोक' झाले होते.

आईबाबांनो, तुमच्याशी बोलायचं आहे ते या वाक्याबद्दल. मोबाइल नंतर सापडला. हे वाक्य त्याआधी तीन महिने घरात पडून होतं.

आपण नेमकं उलट करतो. खुणा शोधायला निघालो की कपडे बघतो, दाढी बघतो, कपाळ बघतो, पुस्तकांच्या पाठी वाचतो. मुलगा अचानक पाचही वेळा नमाज पढायला लागला, किंवा रोज पहाटे शाखेत नाहीतर देवळात जायला लागला, किंवा चे गव्हेराचा टी-शर्ट घालून मोर्चात गेला, की आपल्या पोटात गोळा येतो. सतराव्या-अठराव्या वर्षी माणूस श्रद्धेत डोकं खुपसून बघतो, क्रांतीत बघतो, प्रेमात बघतो. बघू द्यावं. सरकारवर चिडणं, आंदोलनात घोषणा देणं, आपल्या समाजावर अन्याय झाला म्हणून रडणं, यात हिंसा नाही. उलट ही मुलं घरात बोलत असतात, वाद घालत असतात. मला त्यांची काळजी वाटत नाही.

काळजी वाटावी असा बदल बोलण्यात दिसतो. माणसांची नावं जातात आणि त्यांच्या जागी टोळीचं नाव येतं. समोरच्या दुकानातले काका, शाळेतला मित्र, तबल्याचे सर, सगळे एकाच शब्दात गोळा होतात. मग त्या शब्दाला कीड, घाण, गद्दार अशी शेपटं लागतात. मग कुणाला तरी जमावाने मारल्याचा व्हिडिओ बघून मुलगा हसतो, किंवा त्याहून वाईट, त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. "असंच पाहिजे त्यांना" हे रागाच्या भरात एकदा निघालं तर समजू शकते. शांतपणे, पाठ केल्यासारखं, पुन्हा पुन्हा येत असेल तर ते वाक्य त्याचं नाही. कुणीतरी दिलेलं आहे.

त्याबरोबर काही गोष्टी सुटत जातात. क्रिकेट, गाणी, गॅलरीतली झाडं. जुने मित्र घरी येईनासे होतात आणि नव्यांची नावं सांगितली जात नाहीत. स्वतःच्याच धर्माचं पाळणाऱ्या आजीला तो सांगू लागतो की तुझी पूजा, तुझी दुआ खरी नाही. मोबाइल रात्री उशीखाली, एरवी स्क्रीन भिंतीकडे. यातली एखादी खूण एकटी दिसली तर ते फक्त वय असतं, हे मी दोन मुलांची आई म्हणून सांगते. पण आवडीची वस्तू अचानक कुणाला तरी देऊन टाकणं, कारण न सांगता पासपोर्ट काढायची घाई, पैशांची जुळवाजुळव, शस्त्रांबद्दल चौकशी, धाकट्या बहिणीला नीट अभ्यास कर, आईला सांभाळ असं निरोपासारखं काही बोलणं, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

ही वाट एकाच गल्लीतून जात नाही, हे आपल्या महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणमधले चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे वळले. चांगल्या घरातली, शिकणारी मुलं. एकजण त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला, त्याला अटक झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला तो २०२१ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत सहा वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात होता आणि खटला संपलेला नव्हता. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्याबद्दल २०२४ च्या मे महिन्यात ज्या दोघांना जन्मठेप सुनावली गेली, तेही तरुणच. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार की समोरचा म्हातारा माणूस नाही, शत्रू आहे. आणि गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या दलमने किती घरांतली पोरं-पोरी कोवळ्या वयात जंगलात नेली. २०२५ च्या १ जानेवारीला तिथे आत्मसमर्पण केलेल्या तारक्का चार दशकांच्या आसपास जंगलात होत्या. म्हणजे सगळं तारुण्य आणि त्यानंतरचंही बरंच आयुष्य.

झेंडे वेगळे, पण नेण्याची पद्धत सारखी. आधी एक खरी जखम असते. ती खोटी असती तर आपलं काम सोपं होतं. मग कुणीतरी 'दादा' किंवा 'भाई' ऐकून घेतो. खूप ऐकतो. रात्री दोनलाही उत्तर देतो. मग एक छोटं गुपित, "घरच्यांना कळणार नाही हे." मग एक छोटं काम.

त्या मोबाइलमधल्या दादाने सांगितलेलं काम असं होतं: अठरा पूर्ण झाली की स्वतःच्या आधारवर दोन सिम काढ आणि मी सांगतो त्याला नेऊन दे. मुलाचा वाढदिवस सप्टेंबरात होता. आई आली तेव्हा जुलै संपत आला होता.

त्यांनी मला एका दमात तीन प्रश्न विचारले. हे सगळं डिलीट करून टाकू का? याला मामाकडे गावाला ठेवू का? आणि याला पकडतील का?

डिलीट करू नका, म्हटलं. मोबाइल फोडू नका, फॉरमॅट मारू नका, वह्या जाळू नका. प्रत्येक आईचा हात आधी तिकडेच जातो, मी समजू शकते. पण गुन्हा घडलेला असेल तर पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मग मुलाबरोबर आईही आरोपी. त्याहून मोठं कारण म्हणजे, मुलाला कुणी फूस लावली, कसं गाठलं, तो किती वेळा नाही म्हणाला, हे सगळं त्याच मोबाइलमध्ये आहे. तो त्याचा बचावही आहे. मोबाइल बंद करा, बाजूला ठेवा, त्यातला एकही व्हिडिओ "बघा हो काय सापडलं" म्हणून बहिणीला, जावेला पाठवू नका, आणि वकिलाकडे या.

मामाकडे ठेवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. दहशतवादाविरुद्धचा आपला मुख्य कायदा म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७. सगळे त्याला यूएपीए म्हणतात. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये गेला, आणि त्यातल्या बऱ्याच तरतुदी या जुन्या कायद्यात येऊन बसल्या. २६/११ नंतर, २००८ मध्ये तो आणखी कडक झाला, एनआयए ही तपास यंत्रणाही तेव्हाचीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही कलम ११३ खाली दहशतवादी कृत्य हा गुन्हा आला. तर या यूएपीएच्या कलम १९ प्रमाणे, अमुक माणूस दहशतवादी आहे हे माहीत असताना त्याला आसरा दिला किंवा लपवलं, तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. त्यातून कायद्याने एकाच नात्याला सूट दिली आहे, नवऱ्याला आणि बायकोला. आईला नाही. बापाला नाही. मामाला तर नाहीच.

त्यांचा मुलगा दहशतवादी नव्हता, हे कलम त्यांना लागत नव्हतं. पण आईची माया लपवून ठेवायला धावते आणि कायदा तिथे मायेचं ऐकत नाही, हे तुम्हाला आजच माहीत असलेलं बरं.

शिवाय गावाला पाठवून काय साधणार होतं? दादा मोबाइलमध्ये होता. तो एसटीत बसून सोबत गेला असता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. वाचल्याने कुणी गुन्हेगार होत नाही. केरळात २०१९ च्या नोव्हेंबरात दोन विद्यार्थ्यांना माओवादी पत्रकं आणि साहित्य सापडल्यावरून या कायद्याखाली अटक झाली होती. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दोघांचाही जामीन मान्य करताना सांगितलं की हिंसक कारवायांना हातभार लावण्याचा हेतू दिसला पाहिजे, नुसता संबंध किंवा साहित्य पुरत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात जामीन देतानाही न्यायालय तसंच बोललं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २०११ चा निकाल फिरवला: बंदी घातलेल्या संघटनेचं सभासद असणं हाच गुन्हा, मग हातून काही घडलेलं असो वा नसो. तुमचं मूल काय वाचतं याने घाबरू नका. ते कुणाचं सभासद होतं आहे, कुणाची वर्गणी गोळा करतं आहे, कुणाला आपलं नाव, सिम, बँकेचं खातं वापरायला देतं आहे, हे विचारा. दहशतवादी कृत्यासाठी पैसा पुरवला किंवा जमवला, कटात भाग घेतला, त्याच्या तयारीला जाणूनबुजून मदत केली, तर किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. "मी फक्त पैसे पुढे पाठवले", "मी फक्त सिम दिलं" यातल्या 'फक्त'ला कोर्टात आधार शोधत बसावं लागतं, आणि शोधेपर्यंत मुलगा आत असतो.

याचं कारण या कायद्यातला जामीन. अटकपूर्व जामीन नाहीच. एरवी साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. इथे कोर्टाच्या परवानगीने ही मुदत एकशेऐंशी दिवसांपर्यंत जाते. चार्जशीट आल्यावरही, आरोप प्रथमदर्शनी खरे वाटतात असं कोर्टाचं मत झालं की दहशतवादी कृत्यांच्या प्रकरणात जामीन मिळत नाही. कलम ४३ड, उपकलम ५. मी अशा आयांबरोबर तारखांना उभी राहिले आहे. स्पष्ट सांगते, मला ही तरतूद फार कठोर वाटते आणि ती बदलावी असं मी मानते. ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये बाराही जणांना निर्दोष ठरवलं, घटनेला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. (तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.) त्याच महिन्याच्या अखेरीस २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. दोन्हीकडे ज्यांची माणसं गेली त्यांना, हे केलं कुणी, याचं उत्तर मिळालेलं नाही. या वाटेवर पाय पडला तर निकालाच्या आधीच आयुष्याची किती वर्षं जातात, हे तुमच्या मुलाला तारखांसकट सांगा.

मूल अठराच्या आतलं असेल तर बाल न्याय कायदा लागतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. आणि जाहीर झालेल्या सशस्त्र टोळीने मुलाला भरती केलं किंवा वापरलं तर, याच कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी त्या टोळीला आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत असं मूल आधी वापरलं गेलेलं मूल आहे. सतरा वर्षं दहा महिन्यांच्या त्या मुलाच्या बाबतीत मला याच दोन महिन्यांची धास्ती होती.

अठरावरच्या कुणाला अटक झालीच, तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट किंवा न्यायालयासमोर हजर करणं, घरी कळवणं, वकील भेटू देणं हे सगळं बंधनकारक आहे, आणि अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यात यूएपीएच्याच प्रकरणात सांगितलं आहे. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची फुकट मदत मिळते.

आता त्या घरात काय झालं ते सांगते.

वडिलांची नोकरी फिरतीची. त्यांना बोलावून घेतलं. आले ते हात शिवशिवत आले होते. मी त्यांना एकच विनंती केली, की मारू नका आणि पहिल्या दिवशी मोबाइलचा विषय काढू नका. चार दिवस ते मुलाला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजला सोडत राहिले. स्कूटरवर एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून मीच ते सुचवलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "तुला काही झालंय का रे, जे मला माहीत नाही?"

लोकलमध्ये झालं होतं. मार्च महिन्यात. जागेवरून वाद, मग धर्मावरून शिवी, मग चौघांनी मारलं. डबा भरलेला होता. कुणी उठलं नाही. घरी येऊन त्याने सांगितलं होतं की जिन्यावरून पडलो. आईने हळद लावली होती. खरं काय झालं ते त्याने रात्री एका ग्रुपवर लिहिलं, आणि दहा मिनिटांत दादाचा मेसेज आला.

घरी का नाही सांगितलंस, असं बापाने विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला असतात, जाऊ दे, विषय वाढवू नकोस."

आणि ते तसंच म्हणाले असते, हे वडिलांनी मला स्वतः सांगितलं. आपण सगळेच तसं म्हणतो. मुलाचा अपमान आपण मिटवायला बघतो, कारण आपल्याला भीती वाटते. त्याला वाटतं की घराला त्याची किंमत नाही. आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. त्याच घराच्या फॅमिली ग्रुपवर, काका आणि आत्या रोज सकाळी फुलांच्या चित्रांबरोबर कोणते व्हिडिओ पाठवत होते, ते मी पाहिलं. 'त्या लोकां'बद्दलचेच. दादाला जमीन नांगरावी लागली नव्हती. तुमच्या घरातलेही ग्रुप आज उघडून बघा आणि दुसऱ्या समाजाबद्दल तिथे काय शब्द वापरलेत ते मुलाच्या कानाने वाचा.

पोलिसांकडे गेलो ते सगळे मिळून. मी, आईवडील आणि मुलगा. या पायरीवर प्रत्येक घर अडखळतं, कारण आपणच पोराला त्यांच्या हातात देतोय असं वाटतं. शिक्षा होईल असं काही घडण्याआधी गेलात तर तुम्ही त्याला हातात देत नाही. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने, वाट चुकू लागलेल्या अनेक तरुणांना गुन्हा न नोंदवता समुपदेशन करून घरच्यांच्या हवाली केल्याचं जाहीरपणे सांगितलेलं आहे. या मुलावरही गुन्हा दाखल झाला नाही. त्याची दोन तास चौकशी झाली, दादाबद्दलची माहिती लेखी घेतली गेली, मोबाइल जमा झाला. मात्र जायचं ते वकील घेऊन, जे माहीत आहे ते लिहून घेऊन, आणि दिलेल्या कागदाची पोच घेऊन. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर वकिलासाठीही थांबू नका, ११२ लावा. आणि अठराच्या आतल्या मुलाला कुणी छळत, धमकावत असेल तर १०९८, मनाने खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६. हे आकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवून ठेवा.

सरांना आईने काहीच सांगितलं नव्हतं, परीक्षा आहे म्हणून सुट्टी एवढंच. मीही सांगा असं म्हटलं नाही. मुलाने क्लास पुन्हा सुरू केलेला नाही, आणि कुणी त्याला आग्रह करत नाही. लोकलमधल्या मारहाणीची तक्रार मात्र वडिलांनी त्याच्याबरोबर जाऊन रेल्वे पोलिसांत दिली, पाच महिने उशिरा का होईना. मारणारे सापडले नाहीत. तक्रारीची प्रत मुलाने स्वतःच्या फाइलमध्ये, दहावीच्या मार्कशीटच्या मागे लावली आहे.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला होता. रात्री जेवताना बापलेकांचं जुंपलं, बातम्यांवरून. मुलगा अजूनही त्यांना सहन न होणारं बरंच काही बोलतो. तासभर चाललं. तो ओरडला, वडील ओरडले, आमटी दोनदा गरम करावी लागली. "पण मॅडम, ताटावरून उठला नाही तो," त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत बसून भांडला."